पडद्याला पाठ

महादेवभाऊंची आणि माझी ओळख झाली ती मी पडद्याला पाठ करून बसलो म्हणून.

वडशाच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. स्टेशनाच्या पलीकडे एक मोकळं मैदान होतं. तिथे संध्याकाळी एका दगडावर बसून मी फुटाणे खात होतो. तेवढ्यात भाताच्या कोंड्याने डोक्यापासून धोतरापर्यंत पांढरा झालेला एक उंच, वाळका माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला,

"राग नका मानू जी मास्तर. थोडसं फिरून बसा. तुमी पडद्याले पाठ करून बसले."

मी मागे पाहिलं. मागे एक गाय होती. गाईच्या मागे आभाळ होतं.

"कुठला पडदा?"

"हाच नं जी. थे गाय उभी हाये, तिथी पडद्याचे दोन डांब होते."

मी निमूटपणे फिरून बसलो. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात वाद नको, एवढाच माझा विचार. ते माझ्या शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी मिळून त्या गाईकडे बराच वेळ पाहिलं. फुटाणे संपले तेव्हा ते "बरं वाटलं" म्हणाले आणि धोतर झटकून निघून गेले.

घरी परतलो तर ते माझ्याच शेजारच्या अंगणात पाय धूत होते.

महादेवभाऊ दोनाडकर गावातल्या एका भात गिरणीत मापारी होते. खेड्यापाड्यांतून बैलबंड्या भरभरून धान यायचं, ते तोलायचं हे त्यांचं काम. धान किती भरलं यापेक्षा बंडी कुठल्या गावाहून आली यात त्यांना जास्त रस असे. तराजूवर पोतं टांगलेलं असे, मागे बंड्यांची रांग लागलेली असे, आणि हे बंडीवाल्याला विचारत असत, "तुमच्या गावाले टॉकीज येत होती का? कोणत्या बाजूनं लागे? तुमी पाह्यली होती?" गिरणीचे मालक आतून ओरडत, "महादेव, धान मोज, पिच्चर नको मोजू." भाऊ मान डोलवत आणि पुढच्या बंडीवाल्याला तेच विचारत.

ही टॉकीज म्हणजे फिरती टॉकीज. हंगाम आटोपला की एक शेठ आपला तंबू, मशीन आणि तेलावरचं इंजिन घेऊन या जंगलपट्टीत उतरायचा. मोठ्या गावात तंबू पूर्ण लागे. लहान गावात नुसत्या कनाती लावत, वर चांदण्या. आणि आमच्या भागाची खास गोष्ट अशी, की लोक बंड्यांतच बसून सिनेमा पाहत. दहा गावांच्या बंड्या येत. बैल सोडून मागे झाडांना बांधत, जू जमिनीला टेकवत आणि भाताचं तणस अंथरलेल्या त्या उतरत्या बंडीत बायकापोरं ऐसपैस बसत. बंडीचं तिकीट निराळं असे. पुढे सतरंजीवर बसलेल्यांपेक्षा बंडीवाल्यांचा थाट मोठा.

मी आलो तोवर ती टॉकीज येणं बंद झालं होतं. का बंद झालं, शेठ कुठे गेला, कुणालाच धड ठाऊक नव्हतं. चांद्याला पक्क्या भिंतींचं थिएटर होतं, ज्याला हौस तो छोट्या रुळांच्या गाडीने तिकडे जाई. बाकीचे लोक टॉकीज विसरले होते. महादेवभाऊ तेवढे तिच्या खुणा शोधत फिरत.

सुटीच्या दिवशी ते सायकलला सब्बल बांधून निघत. आरमोरी, कुरखेडा, पार गडचिरोलीच्या वाटेवरची खेडी. गावाबाहेरचं मैदान दिसलं की उतरत, उकिडवे बसत, सब्बलीने माती टोकरत, चिमूट उचलून वास घेत. इंजिन जिथे होतं तिथली माती तेल पिते, तिथे गवत धड वाढत नाही, असं त्यांचं म्हणणं. मशीनच्या दिव्यात जळून उरलेल्या कार्बनच्या काळ्या कांड्या सापडत. त्यांनी त्या एका चंचीत जपून ठेवल्या होत्या. मला पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा मी औषध समजून वास घेतला. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "वास नाई येत आता," म्हणाले. "गेला."

त्यांच्या या नादाने लोक हैराण होते. एकदा गावातल्या एका लग्नात मांडव नेमका स्टेशनापलीकडच्या त्या मैदानात घातला होता. पंगत बसली आणि भाऊ वाढप्यांच्या मागोमाग हात जोडत निघाले. निम्मी पंगत पडद्याला पाठ करून बसली होती. वरपक्षाच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काऊन फिराचं?" भाऊंनी सांगितलं. म्हातारा पत्रावळ उचलून खरोखरच फिरून बसला, कारण त्याने त्या टॉकीजमध्ये बंडीतून सिनेमा पाहिला होता. मग भाऊ त्याच्यासमोरून हलेनात. म्हाताऱ्याचा भात गार झाला.

सगळ्यात मोठा घोटाळा कुरखेड्याच्या बाजूला झाला. भाऊंना एका खेड्याबाहेर कांड्या सापडल्या. खुशीत त्यांनी ती जागा चारही बाजूंनी पावलांनी मापली आणि परत आले. गावकऱ्यांनी ते पाहिलं होतं. परका माणूस येतो, माती हुंगतो, पावलं टाकतो, काहीतरी चंचीत घालून हसत जातो, याचा अर्थ खेड्यात एकच. गुप्तधन. दुसऱ्या दिवशी सारं गाव कुदळ-फावडी घेऊन मैदानात उतरलं. पुढच्या सुटीला भाऊ पुन्हा तिथे गेले, तेव्हा मैदानाच्या जागी बोडी, म्हणजे लहानसं तळंच, झाली होती आणि पाटील काठी घेऊन काठावर बसले होते.

मला निरोप आला. सायकल हाणत पोचलो तर भाऊंना चावडीवर बसवलेलं.

पाटील म्हणाले, "सोनं कुठी ठेवलं म्हणते ह्याले विचारा मास्तर. हा कोळसा दाखवून राह्यला आमाले."

मी समजावलं, की हा माणूस सोनं शोधत नाही. जिथे सिनेमा लागत होता त्या जागा शोधतो.

"मंग? सापडल्यावर काय करते?"

"काही करत नाहीत. बसतात."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. मग पोलीसपाटलाला म्हणाले, "सोडा जी. येडा हाये. मास्तर खोटं नाई बोलन." चहा पाजून आम्हाला वाटेला लावलं. वाटेत मी हसत होतो. भाऊ मात्र सायकल हातात धरून चालत होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "इंजिनची जागा गेली जी. पूर्ण खंदून टाकली." त्यांचे डोळे भरले होते. तेव्हा माझं हसू थांबलं.

त्या आठवड्यात मी जनाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं. त्या अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. कमी बोलणारी बाई. पण त्या दिवशी बोलल्या.

त्यांना एक मुलगी होती, वेणू. आठ वर्षांची. टॉकीजवाल्या शेठजवळ फोटोचा कॅमेरा होता. दुपारी तो गावातल्या लोकांचे फोटो काढी, त्यांच्या लहानलहान काचा करी आणि मधल्या सुटीत मशीनला लावून पडद्यावर दाखवी. आपलं तोंड पाहायला गाव दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढे, अशी त्याची युक्ती. वेणूचा फोटो असाच काढला, बंडीच्या चाकाला धरून उभी असताना. दुसऱ्या दिवशी तो पडद्यावर लागला.

"काच तळहाताएवढी, अन पडद्यावर पोट्टी झाडाएवढी दिसली म्हणते," जनाबाई म्हणाल्या.

"तुम्ही नव्हता पाहिला?"

"मी नाई गेली. गाय व्याले झाली होती. मले वाटलं, पोट्टी घरीच तं हाये. पडद्यावर कायले पाहाची."

सूप हलत राहिलं. पुढच्या पावसाळ्यात वेणूला ताप आला. नदीला पूर होता, डॉक्टर पलीकडे. त्या तापातून ती उठली नाही. तिचा दुसरा फोटो नाही. त्या काळी आमच्याकडे लेकरांचे फोटो कोण काढत होतं? होती ती एक काच, आणि ती शेठच्या पेटीत निघून गेली.

"आता थे टॉकीज कोण्या गावाहून कोण्या गावाले गेली, हे शोधत राह्यते. मी नाई अडवत. फिरून आले का दोन भाकरी खाते. घरी राह्यले का तेही नाई."

मग मला त्या सब्बलीचा, त्या मातीचा अर्थ लागला. त्या वेड्या माणसाच्या फिरण्याला एक दिशा होती. गावामागून गाव, मैदानामागून मैदान, तो शेठच्या मागे निघाला होता. त्यानंतर सवड मिळेल तेव्हा मीही त्यांच्यासोबत जाऊ लागलो. एका खेड्यात शेठचं सामान शेवटचं वाहून नेलेला बंडीवाला भेटला. त्याने सांगितलं, शेठ मूलला वारला. मशीन कुणी नागपूरच्या माणसाने नेलं, तंबूच्या कापडाची पोती शिवली, आणि काचांची पेटी तिथल्याच एका टिनाच्या कारागिराकडे गेली.

आम्ही छोट्या गाडीने मूलला गेलो. गाडी नागभीडला थांबली, रानात थांबली, पाणी प्यायला थांबली. भाऊंनी नवा सदरा घातला होता. मांडीवर घडी केलेलं जुनं लुगडं होतं, काच गुंडाळायला जनाबाईंनी दिलेलं.

टिनवाला भला माणूस होता. दुकानभर छोटे चौकोनी कंदील टांगलेले. पेटीचं नाव काढताच तो म्हणाला, "हो, होत्या नं. लय कामाच्या काचा. बरोबर कंदिलाच्या मापाच्या. सोड्याच्या पाण्यात टाकल्या, साफ झाल्या. बाजारात गेले सारे कंदील."

"साफ म्हणजे?" भाऊंनी विचारलं.

"म्हणजे साफ. आरपार. त्याच्यावर माणसायचे चित्र होते, थे काढून टाका लागते, नाईतर उजेड कसा पडन?"

भाऊंनी एक कंदील खाली काढला. चारी काचा उलटून पालटून पाहिल्या. पुन्हा खिळ्याला लावला. "तुमाले एखादी पोट्टी दिसली होती का जी? बंडीचं चाक धरून?"

टिनवाल्याने हातातली पत्र्याची कात्री खाली ठेवली. त्याला काहीतरी समजलं असावं. "भाऊ, लय होत्या," तो हळूच म्हणाला. "एकेक पाह्यली नाई मी."

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनावर चिंचेखाली आम्ही बसलो. धीर द्यायचा म्हणून मी म्हणालो, "भाऊ, काच गेली. पण तुम्ही तरी तिला पडद्यावर पाहिलंय. ते कुणी धुऊ शकत नाही."

भाऊ रुळांकडे पाहत होते.

"मी नाई पाह्यली, मास्तर."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"बंडीत माह्या बाजूले बसली होती. तिचा फोटो लागला, अन सारं मैदान कल्ला करून राह्यलं. मी तिच्याकडे वळलो. म्हटलं, पोट्टीले किती आनंद झाला, थे पाहू. पण अंधार होता जी. तोंड काही दिसलं नाई. नुसता माहा दंड धरला होता तिनं. मी पडद्याकडे मान फिरवली, तं साबणाची जाहिरात."

दूर सिग्नल पडला. गाडी मात्र अजून दिसत नव्हती.

"घरची विचारते, कशी दिसत होती. ज्या गावाले गेलो, तिथी विचारलं. त्या रातच्याला दहा गावच्या बंड्या होत्या. कोणी म्हणते हसून राह्यली होती, कोणी म्हणते डोळे मिटले होते. लग्नात थो म्हातारा म्हणाला, दात पडला होता, थो दिसून राह्यला होता. मी घरी येऊन थे सांगतो. मी पाह्यलं असं सांगतो." त्यांनी लुगड्याची घडी पुन्हा नीट केली. "आता काय सांगू?"

गाडी आली तेव्हा मी त्यांना हात देऊन उठवलं. 

वडशाला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. जनाबाई दारात पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातल्या रिकाम्या लुगड्याकडे पाहिलं आणि बादली खाली ठेवली. भाऊच म्हणाले, "पेटी तिथी नाई. पुढं गेली म्हणते, सिरोंच्याकडे. पाहातो पुढच्या सुटीले."

"पाहा," जनाबाई म्हणाल्या. "जातानी डबा घेऊन जा. लांब हाये."

पुढच्या सुटीला त्यांनी सायकल काढली. त्याच्या पुढच्याही. गावाला वाटे, येडा अजून शोधतोच आहे.

एकदा काही कामाने मी वैनगंगेच्या काठाने जात होतो. घाटापासून दूर एका जांभळीखाली त्यांची सायकल दिसली. भाऊ बुंध्याला टेकून बसले होते. बाजूला डबा, फडक्याची गाठ न सोडलेली. उन्हं कलायला आली होती.

मी शेजारी बसलो.  मग त्यांनी सूर्याकडे पाहून अंदाज घेतला आणि विचारलं,

"सिरोंच्याच्या वाटेवर कोणते कोणते गावं लागते जी मास्तर? नावं सांगून ठेवा. घरची विचारते."