सासूबाईंचा गालिचा आणि शहरातला बर्फ

बर्फावर गालिचा झोडपण्यात आमच्या बिल्डिंगीत माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच म्हणतो, कारण बाकीचे म्हणत नाहीत!

झालं काय, आमची पाच वर्षांची आयझिरेक महिनाभर खोकत होती. बिश्केकमध्ये हिवाळ्यात सगळं शहर कोळसा जाळतं, तेव्हा खोकला कुणाला नसतो? पण हिचा थांबेचना. शेवटी आमच्या सौ. बुरुलाई यांनी फर्मान काढलं, "रविवारपर्यंत खोकला गेला नाही, तर पोरीला घेऊन मी चालले काराकोलच्या स्वच्छ हवेत, आईकडे. थंडी संपल्यावरच येईन!"

चार महिने एकटा? मला चहासुद्धा धड जमत नाही! मी ताबडतोब हवेतली घाण मोजायचं यंत्र आणलं आणि घरभर फिरलो. सगळ्यात मोठा आकडा निघाला पोरीच्या पलंगापाशी. तिथे भिंतीवर सासूबाईंनी लग्नात दिलेला गालिचा!

"सापडला चोर!" मी ओरडलो. "तुझ्या आईची बारा वर्षांची धूळ!"

"माझ्या आईचं नाव काढाल तर याद राखा!"

शनिवारी सकाळी छान बर्फ पडलेला. भिंतीकडे न बघताच गालिचा ओढून काढला, धूळ बर्फात उतरावी म्हणून अंगणात पालथा घातला आणि झोडपायला लागलो. तळमजल्याच्या सादात एजे, आमच्या बिल्डिंगीच्या थोरल्या ताई, खिडकीतून ओरडल्या, "अरे बकित, वरचा थर बोटभर आहे! खाली आठवड्याची काजळी आहे रे! लोक स्वच्छ बर्फासाठी डोंगराकडे जातात!"

"एजे, हा हात बघा आणि गप्प बसा!"

तासाभराने गालिचा उलटला. नक्षीतल्या लाल डाळिंबांची काळी वांगी झाली होती!

आता हार मानेन तर मी कसला? गरम पाणी आणलं, शाम्पू ओतला, घासघास घासलं. बाहेर उणे बारा. फेस तिथेच गोठला, गालिच्याचा दरवाजा झाला! दुमडेना, गुंडाळेना. शेवटी चार शेजाऱ्यांनी कपाट चढवावं तसा तिसऱ्या मजल्यावर चढवला. सादात एजे मागून म्हणत होत्या, "बाळा, हात बघितला हं!"

हीटरला टेकवला तसा त्यातला बर्फ वितळला. घरभर ओल्या मेंढीचा वास! यंत्र किंचाळायला लागलं. हिवाळ्यासाठी फटींवर चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या टराटरा फाडून मी खिडकी उघडली, तर बाहेरचा धूर सुखाने आत आला. आकडा पाचशे! पोर खोकून खोकून लालबुंद!

"बंद करा ती खिडकी!" म्हणत बुरुलाई धावली आणि उघड्या भिंतीपाशी थबकली. पलंगाएवढी काळी बुरशी.

"या भिंतीपलीकडे बाथरूम ना?"

"हो."

"गेल्या वर्षी आतला नळ कुणी दुरुस्त केला?"

"मी."

"आणि बैठकीतला गालिचा इथे कुणी आणला?"

"पोरीला भिंत गार लागू नये म्हणून..."

"बकित!"

"तेव्हा डाग रुमालाएवढा होता गं! म्हटलं, वाळेल. झाकला, आणि शपथेवर सांगतो, विसरलो!"

पोर महिनाभर माझ्या हुशारीपायी खोकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुरुलाईने आईला फोन लावला आणि बॅग भरायला घेतली.

"जाऊ नकोस!" मी रडवेला झालो. "मी भिंत खरवडतो, नळ बदलतो..."

"मी कुठे जातेय?" ती म्हणाली आणि बॅगेत माझे मोजे कोंबले. "प्लंबर येतोय, गवंडी येतोय. पोरीला तोवर सादात एजेंकडे झोपवते. तुम्ही या कामात लुडबुड करू नये म्हणून आई तुम्हाला ठेवून घेतेय!"

तर मी सध्या काराकोलला आहे. हवा फर्स्टक्लास! यंत्रावर आकडा चार. सासूबाईंकडे अकरा गालिचे आहेत आणि बर्फ रोज पडतो. पाचव्याची पाळी चालू आहे.

काल आयझिरेकचा फोन आला. "बाबा, माझा खोकला गेला!"

माझे डोळेच भरून आले. म्हटलं, "शाब्बास माझ्या वाघिणीची! मग आता मी येऊ ना घरी?"

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली.

"बाबा," ती म्हणाली, "आई विचारतेय, खोकला आत्ताच गेलाय, एवढी काय घाई आहे?"