एक झडप, एक हात

आमच्या धाकट्या लेकीचं लग्न एकदा मोडून पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षी माझ्या मेव्हण्याने घरामागच्या शेडमध्ये विमान बांधत आणलं होतं. जेमतेम दोन माणसांचं. लग्नापेक्षा विमानाचं काम सुरळीत चाललं होतं, कारण त्यात अजून मी हात घातला नव्हता.

मी जन्मभर घरांचं वायरिंग केलं. अंगाने काडी, म्हणून धंद्यात नावही काडीच पडलं. कुणाचा हात जिथे शिरत नाही तिथे काडीला बोलवायचे. मेव्हण्यानेही बोलावलं.

"दाजी, विमान सारखं हादरतं. एखादी तार सैल झाली तर बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे. दर वेळी पत्रा उचकटत बसणार का?"

"तू निर्धास्त राहा," मी छाती फुगवून म्हणालो. "एक झडप, एक हात, सगळं विमान!"

आणि केलंही तसंच. खुर्चीसमोरच्या पत्र्यात एक सुबक झडप कापली. तिच्यामागे दिवे, रेडिओ, भोंगा, बॅटरी, सगळ्यांचे जोड एका ओळीत आणून बसवले. माझा हात आत असा सरकायचा, जशी म्यानात तलवार.

प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली. अक्षरं मला बायकोनेच शिकवली, तीही पन्नाशीनंतर, त्यामुळे लिहायची हौस दांडगी. नुसतं 'दिवा' लिहून मन भरेना. 'ही उजव्या पंखावरच्या दिव्याची तार आहे, उगाच ओढू नये,' असं लिहिलं.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, तारांपेक्षा चिठ्ठ्याच जड झाल्या. हे उडवायचंय, वाचायचं नाही."

त्याची घाई मला कळत होती. त्याचं हृदय कुरकुरत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, काय उडायचं ते या वर्षात, पुढच्या वर्षी मी सही करणार नाही. आणि त्याने लहानपणी ताईला शब्द दिला होता की विमान करीन तेव्हा शेजारी तुला बसवीन. ताई म्हणजे आमची ही. त्या शब्दाची आठवण तिने एकदाही करून दिली नव्हती, पण हल्ली रोज शेडमध्ये चहा घेऊन यायची आणि कप रिकामे झाले तरी जायची नाही.

एकदा तिने झडपेत बोटं घालून पाहिली. पंजा आत गेला आणि मनगटावर बांगड्यांशी अडला.

"तुमचा जातो. दुसऱ्याचा?"

"दुसऱ्याने कशाला घालायचा? मी आहे ना."

"वर आभाळात तुम्ही असणार का?"

मी शिडीच्या वर कधी गेलेलो नाही. मी पक्कड शोधू लागलो.

मग उडायची परवानगी देणारे तपासनीस आले. माणूस सज्जन, पण हात पैलवानाचा. त्यांचा नियम असा, की प्रत्येक जोड स्वतःच्या बोटांनी हलवून बघायचा. खुर्चीत बसून त्यांनी झडपेकडे पाहिलं, बाही दुमडली आणि हात आत रेटला. कोपरापर्यंत गेला. मग थांबला.

"वा, सगळं हाताशी आहे," ते म्हणाले.

"आहेच," मी म्हणालो.

"पण हात निघत नाही."

त्यांनी हिसका दिला, तशी बोटं भोंग्याच्या बटणावर दाबली गेली. विमानाचा वेग फार कमी झाला की सावध करणारा तो भोंगा. मुख्य बटण लावायचं राहिलं तरी तो वाजावा, म्हणून मी मोठ्या हुशारीने तो थेट बॅटरीला जोडला होता. तो असा कोकलू लागला की शेजारच्या गल्लीतली माणसं चहाचे कप घेऊनच आली.

"बॅटरी सोडवा!" तपासनीस ओरडले.

"सोडवतो, साहेब. फक्त तिची वाट त्याच झडपेतून आहे."

"त्या झडपेत मी आहे!"

"तोच तर घोटाळा झालाय."

हिने साबणाचं पाणी आणलं. साबणाने हात निघाला नाही, साहेबांची विजार मात्र भिजली. मी पत्रा कापायची कात्री उचलली तर मेव्हणा आडवा आला.

"दाजी, चार वर्षं घासलाय हा पत्रा मी."

"अरे, साहेबांचा हात आहे आत!"

"हात त्यांना दोन आहेत."

शेवटी हीच पुढे झाली. "बाळ्या, मला वर न्यायचं की पत्रा जपायचा?" एवढंच म्हणाली. मेव्हण्याने मुकाट्याने कात्री घेतली आणि स्वतः पत्रा कापला.

हात चोळत तपासनीस म्हणाले, "काम चोख आहे, पण परवानगी देता येत नाही. झडपेत चारचौघांसारखा हात जाऊन परत आला पाहिजे. दोन महिन्यांनी येतो."

त्या दोन महिन्यांत मी सगळं उलगडून पुन्हा बांधलं. या वेळी माप हिच्या हाताचं, दंडापर्यंत, स्वेटरसकट. तारेचा एकेक जोड बसला की ही खुर्चीत बसून आत हात घालायची आणि म्हणायची, "अजून थोडं." असं मेव्हणा मला म्हणाला असता तर मी काम सोडून गेलो असतो.

परवानगी मिळाली. मेव्हण्याने आधी पुष्कळदा एकट्याने उडवून पाहिलं, आणि वर्ष संपता संपता ताईला घेऊन वर गेला. मी खाली शिडी धरून उभा होतो, कशासाठी ते माहीत नाही.

उतरल्यावर मेव्हणाच आधी बोलला, "दाजी, वर रेडिओ बंद पडला होता. ताईने हात घातला, चिठ्ठी बाहेर ओढून वाचली आणि जोड घट्ट केला. लगेच सुरू."

मी हिच्याकडे पाहिलं. चिठ्ठी मला तोंडपाठ होती: 'ही रेडिओची तार. सैल झाल्यास घट्ट करावी. घाबरू नये.'

"वाचून होईपर्यंत नदी मागे गेली," ही म्हणाली. "मला बघायची होती. थोडक्यात लिहीत जा."

मेव्हणा अजून ठणठणीत आहे. डॉक्टरांनी उडणं बंद केलं, जगणं नाही, असं तो सांगत फिरतो. रविवारी आम्ही दोघे शेडमध्ये विमानात बसून दिवे लावून बघतो. म्हातारपणाने माझे हात सुजलेत, त्या पहिल्या झडपेत आता माझाही गेला नसता. हिच्या मापाच्या झडपेत जातो. थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षीच्या हिवाळ्यात ही वारली.