उंदीरघराचे अण्णा

आमच्या प्रयोगशाळेत चन्नबसप्पाअण्णा कुणाला ‘नमस्कार’ म्हणत नाहीत. “सकाळपासून शिंकलाव का?” असं विचारतात. उत्तर चाचरत आलं की उंदीरघराचं दार बंद. एकदा खुद्द मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन नाक पुसत आले. अण्णांनी दारातूनच हात जोडले. “तुमी मोठे, खरं हाय साहेब. पण हितल्या पोरींना तुमची सर्दी झेपायची न्हाई.” साहेब पाहुण्यांसकट परतले.

पोरी म्हणजे पांढऱ्या उंदरिणी, जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या. त्यांची प्लीहाही, म्हणजे पोटातला रक्त गाळणारा अवयव, नावापुरतीच, आतली सगळी मांडणी विस्कटलेली. निरोगी उंदरांच्या हाडांतल्या, रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी टोचल्या तर ती मांडणी परत येईल का, हा माझा प्रयोग. दोनदा फसलेला. या खेपेला जमलं नाही तर काम बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

अण्णा सीमाभागातल्या, भालकीकडच्या मेहकरचे. कपाळावर विभूती लावल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. पण भस्माचा कण आत जायला नको म्हणून दारातल्या नळावर ती रोज घासून धुतात. म्हणतात, “देवाला कळतंय, पोरींना कळत न्हाई.” एकदा मात्र त्यांनी घोटाळा केलाच. “कंपनीचं खाणं रोज कोण खाईल?” म्हणून पोरींसाठी चक्क ज्वारीची भाकरी निर्जंतुक करायच्या यंत्रात घातली. बाहेर आला लगदा. मी ओरडले, तर म्हणाले, “जरा कडक भाजायला पायजे होती.”

पेशी टोचल्यावर तर ते भाच्याच्या लग्नालाही गेले नाहीत. “कामून जाऊ? हजार माणसातून काय घेऊन येईन, कुणास ठाऊक!”

तपासणीसाठी एकीचा जीव घ्यावा लागतो. अण्णांनी सात नंबरची आणून दिली आणि पाठ फिरवून निघून गेले.

चार दिवसांनी तिच्या प्लीहेची काचपट्टी तयार झाली. सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मी किंचाळलेच. गुलाबी भागात पेशींचे जांभळे पुंजके, जिथल्या तिथे! प्लीहा पुन्हा घडली होती. साहेब धावत आले, त्यांनीच पेढे मागवले. मी अण्णांना ओढून आणलं. एक डोळा मिटून ते बराच वेळ पाहत राहिले.

“रांगोळीवानी दिसायलंय की!” मग हळूच म्हणाले, “अक्का, दुखलं न्हाई न्हवं तिला?”

“नाही अण्णा. झोपेतच गेली.”

“व्हय.” पेढा तसाच ठेवून ते कपडे बदलून उंदीरघरात गेले.

अण्णांना मूलबाळ नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ही बातमी घरी जाऊन सांगावी, असं कुणी नाही. बाहेर आमचा जल्लोष चालला होता. जरा शांत झाल्यावर पिंजऱ्यांकडून त्यांचा आवाज आला.

“पोरींनो, तुमची बहीण पास झाली गं!”

मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते.