तिसरी खिडकी काबीज केली त्याची हकीकत

ज्या दरबारी ताटली परातीएवढी आणि घास करंगळीएवढा, त्या दरबारास प्रथम दुरूनच मुजरा करोन मग कलम हाती धरिले आहे. हुकूम भाचेसूनबाईंचा, की घरची मंडळी हा मजकूर सांगताना दर खेपेस तिखटमीठ वाढवितात, आणि आमचे यजमान, म्हणजे भाचेसाहेब, आपला पराक्रम होता त्याहून थोर करोन सांगतात, सबब घडले ते जैसेच्या तैसे, कोणाची भीडमुर्वत न धरता लिहोन ठेवावे. त्याजवरून लिहिले आहे. भाचेसाहेबांस राग आला तर तो त्यांनी गिळावा, तेवढी सवय त्यांस लग्नापासून आहे.

शहरात एक जुनी दगडी इमारत. पूर्वी तेथे टेलिफोन एक्स्चेंज होते, आणि त्यात भाचेसाहेबांच्या आत्यासाहेब बत्तीस वर्षे ऑपरेटर म्हणोन चाकरीस होत्या. तिसऱ्या खिडकीपाशी त्यांचा बोर्ड. कानाला यंत्र, हाती वायरी, आणि मग कोणाच्या घरी मूल झाले, कोणाचे लग्न ठरले, कोणाचे मोडले, कोण दूरदेशी आजारी पडला, ही सारी खबर त्यांच्या हातून इकडची तिकडे गेली, परंतु ओठाबाहेर एक अक्षर आले नाही. तेथे फोटो काढण्यास त्या काळी सरकारची सक्त मनाई होती. त्यामुळे घरच्या आल्बमात भाचेसाहेबांच्या पहिल्या पडलेल्या दाताचासुद्धा फोटो आहे, आणि ज्या बाईने त्या पगारात त्या पोरक्या पोरास लहानाचा मोठा केला, तिचा कामावरचा एकही नाही. पुढे एक्स्चेंज मोडले, बोर्ड भंगारात गेले आणि आत्यासाहेब घरी आल्या.

मग आत्यासाहेबांस पंचाहत्तरावे लागले, तेव्हा भाचेसाहेबांनी, म्हणजे विमा कचेरीतील वरिष्ठ कारकुनांनी, मोठ्या दिमाखात विचारले की काय हवे ते माग. आत्यासाहेब म्हणाल्या, "त्या खिडकीपाशी बसलेला माझा एक फोटो काढ. आपण तिथं होतो, हे कुठंतरी दिसू दे. बाकी मला काही नको." भाचेसाहेबांनी शब्द दिला आणि फसले.

कारण की त्या इमारतीत सांप्रत एक बडे उपाहारगृह ठाण मांडून बसले होते, आणि त्याचे कायदे ऐकोन चांगल्या चांगल्यांची भूक मरत असे. कलम पहिले, आत शिरणाऱ्याने आपला फोन दाराशी कुलूपबंद पिशवीत घालावा. कलम दुसरे, अन्नाचा, भिंतीचा, आपला अथवा परक्याचा फोटो काढू नये, अन्नाकडे लक्ष द्यावे. कलम तिसरे, जितक्या डोक्यांचे टेबल राखिले तितकी डोकी दहा मिनिटांचे आत हजर करावी, एक जरी कमी भरले तरी सारे टेबल रद्द, आणि राखणाऱ्याचे नाव वर्षभर काळ्या यादीत. आणि गंमत ऐसी, की फोनचा एवढा विटाळ मानणाऱ्या या दरबारी टेबल मिळते ते केवळ फोनवरूनच. भाचेसाहेबांनी कचेरीत फायली आडव्या लावोन अकरा दिवस फोन फिरविला, तेव्हा तीन महिन्यांपुढची एक दुपार हाती आली. तिसऱ्या खिडकीचे टेबल चौघांचे, म्हणोन चौघे ठरले: आत्यासाहेब, भाचेसाहेब, भाचेसूनबाई, आणि सूनबाईंचे बंधू मेहुणेराव.

मोहिमेचे दिवशी फौज टॅक्सीत बसली आणि मेहुणेरावांचा खलिता आला की पोटात गडबड आहे, येणे होत नाही. मेहुणेरावांचे पोट ऐन वेळी बिघडण्यात पटाईत, हे सर्वांस ठाऊक. भाचेसाहेबांनी बायकोकडे पाहिले, बायकोने खिडकीबाहेर पाहिले, आणि बंधूंचा विषय तिथेच थांबला. परंतु दहा मिनिटांत चौथे डोके पैदा करणे प्राप्त जाहले. मग इमारतीपुढे टॅक्सी थांबताच भाचेसाहेबांनी टॅक्सीवाल्यांस पुसले, "दादा, जेवलात का?"

टॅक्सीवाले म्हणाले, "अजून कुठं."

"मग चला. आजच्या दिवस माझे मेहुणे व्हा."

टॅक्सीवाल्यांनी गाडीस कुलूप घातले, आरशात पाहोन भांग पाडिला, आणि कोणाची कोण बहीण, काय नाते, हे काही न विचारता पंक्तीस निघाले. रक्ताच्या मेहुण्याहून हा मेहुणा लाख पटीने बरा, ऐसे भाचेसाहेबांचे मनात आले, परंतु बोलले नाहीत.

दाराशी मॅनेजर, म्हणजे खुद्द किल्लेदार. काळा कोट, आवाज मऊ, नजर कस्टमवाल्याची. त्यांनी डोकी मोजिली, चार भरली, मग चौघांचे फोन पिशव्यांत घालोन कुलूप ठोकिले आणि फौज तिसऱ्या खिडकीशी नेऊन बसविली. आत्यासाहेबांनी खिडकीच्या दगडी कट्ट्यावर हात फिरविला. मग तीन वाढण्या आल्या. पहिलीत फेस होता, दुसरीत धूर होता, तिसरीत कायसे हिरवे ठिपके होते. टॅक्सीवाल्यांनी दर खेपेस ताटली चाटोनपुसोन पुढील जेवण कधी येणार म्हणोन अदबीने विचारिले.

आता भाचेसाहेबांची गुप्त मसलत ऐसी होती, की जुना फोन चष्म्याच्या घरात दडवोन आणिला होता. चौथ्या वाढणीस त्यांनी घर उघडिले, नेम धरिला आणि बटण दाबिले. परंतु त्या फोनाचा आवाज बंद करावयाचा राहिला होता. मग खटॅक ऐसा नाद जाहला, विजेसारखा लखलखाट जाहला, अवघी पंगत माना वळवोन पाहू लागली, आणि फोटो निघाला तो भाचेसाहेबांचे स्वतःचे अंगठ्याचा. कारकुनी जन्म अंगठे घेण्यात गेला, त्याचे हे फळ.

किल्लेदार धावत नव्हे, चालत आले, तेच जास्त लागले. फोन जप्त केला, अंगठा पुसोन टाकिला. भाचेसाहेबांनी लाज गुंडाळोन सारी कथा सांगितली, बत्तीस वर्षे, बोर्ड, पंचाहत्तरावे, सारे काही, आणि शेवटी हात जोडिले. किल्लेदार म्हणाले, "सर, मला वाईट वाटतं. पण एकाला सूट दिली की उद्या सगळेच आपापल्या आत्या घेऊन येतील. ही पहिली वेळ म्हणून ताकीद देतोय. पुन्हा कुणी नियम मोडला तर त्यांचा फोटो आम्हीच काढतो आणि त्या दारापाशी लावतो. प्रवेश कायमचा बंद."

चौघांनी वळोन पाहिले. दारापाशी भिंतीवर नऊ तसबिरी टांगिल्या होत्या आणि वर ठळक अक्षरी लिहिले होते, 'यांना प्रवेश नाही.'

भाचेसाहेबांचा चेहरा पडला. ज्या बाईने आयुष्यात एकदा काही मागितले, तेही आपल्याच्याने देववले नाही, या विचाराने त्यांनी ताटली दूर सारिली. आत्यासाहेब मात्र भिंतीकडे पाहत होत्या. मग त्यांनी किल्लेदारांस बोलाविले.

"फोटो कोण काढतं हो?"

"आमचा कॅमेरा आहे, मॅडम. मीच काढतो."

"कुठं उभं करून?"

"उभं नाही. जिथं नियम मोडला, त्याच टेबलाशी, तसंच बसवून. पुरावा लागतो."

"आणि किती दिवस ठेवता?"

"कायम."

"काच लावून?"

"हो, फ्रेम करून. मॅडम, तुम्ही हे का विचारताय?"

"सहज," आत्यासाहेब म्हणाल्या, आणि शेवटची गोड वाढणी मागविली. ती त्यांनी सावकाश, चमच्याने खरवडोन संपविली, कारण की पुन्हा मिळणार नव्हती. मग तोंड पुसोन टॅक्सीवाल्यांस हळूच म्हणाल्या, "टॅक्सीवाल्यांकडे दोन फोन असतात ना?"

टॅक्सीवाल्यांनी खिशात हात घातला. मग हातरुमालाखालोन दुसरा फोन सरकत आला. भाचेसूनबाईंनी कपाळास हात लाविला. आत्यासाहेबांनी केस सारखे केले, पाठ ताठ केली आणि उपाहारगृहाचाच नंबर फिरविला. दाराशी घंटी वाजली, किल्लेदारांनी फोन उचलिला, आणि आत्यासाहेब बत्तीस वर्षांच्या ठेवणीतील आवाजात, घाई न करता, एकेक शब्द सुटा करोन बोलल्या, "नमस्कार. एक तक्रार नोंदवायची आहे. तुमच्याकडे तिसऱ्या खिडकीपाशी एक बाई फोनवर बोलत आहेत."

"माफ करा, मॅडम. आत्ता बघतो. आपण कोण बोलताय?"

"मीच ती."

किल्लेदारांनी मान वर केली. मग कॅमेरा घेतला, आले, आणि समोर उभे राहिले. आत्यासाहेबांनी फोन कानावरून खाली घेतला नाही. खिडकीतील उजेड चेहऱ्यावर आला होता, आणि भाचेसाहेबांस त्या एकदम तीस वर्षांनी तरुण दिसल्या. किल्लेदारांनी एक फोटो काढिला, पाहिला, म्हणाले, "डोळे मिटले गेलेत." दुसरा काढिला, म्हणाले, "जरा हललाय." तिसरा काढिला आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग त्यांनी हुकूम वाचोन दाखविला की आजपासोन या बाईंस प्रवेश कायमचा बंद. आत्यासाहेब म्हणाल्या, "बरं." बाहेर टॅक्सीत बसताच भाचेसाहेब ढसढसा रडले, आणि मेहुण्याच्या नात्याने टॅक्सीवाल्यांनी त्यांस पाणी दिले.

आठ दिवसांनी भाचेसाहेब कचेरीतून परस्पर जाऊन दाराशी पाहोन आले. दहावी तसबीर लागली आहे, इतर नवांहून बोटभर मोठी, काच स्वच्छ. खाली अपराध लिहिला आहे. तो त्यांनी रस्त्यावरून फोन लावोन आत्यासाहेबांस वाचोन दाखविला, आणि आत्यासाहेबांनी दोनदा वाचावयास लाविला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आपल्याकडील नुकसान, एक जुना फोन आणि भाचेसाहेबांची अब्रू, पैकी फोन परत मिळाला. त्या इमारतीत पिढ्यानपिढ्या शेकडो बायांनी चाकरी केली, त्यांपैकी भिंतीवर चेहऱ्यानिशी एकच आहे, आणि तिच्याखाली दरबारच्या शिक्क्यानिशी नमूद आहे की, 'या बाई येथे फोनवर बोलत होत्या.'