पिवळी गाडी विकणे आहे

गाडी विकायचं मी ठरवलं ते माझ्या गुडघ्यांमुळे. पोलिसांमुळे नव्हे, आणि बायकोमुळे तर नव्हेच, हे आधीच सांगून ठेवतो. (बायको म्हणते, तिन्हींमुळे. तिचं म्हणणं खोडून काढायची आमच्या घरात पद्धत नाही.)

गाडी साधीसुधी नव्हती. दोन दारांची, जपानी, हळदीसारखी पिवळी, आणि इतकी बुटकी की बसताना आधी पाय आत घालायचे, मग देवाचं नाव घ्यायचं आणि मग उरलेलं शरीर सोडून द्यायचं. उतरताना दोन माणसं लागत. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहे. तिथल्याच झुंगूनं ही गाडी दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात मारली. "भेकानी, माणसानं पन्नाशीत एकदा तरी वेगात जावं," असं तो म्हणाला. सव्वीस वर्षं मी उसाच्या ट्रॅक्टरमागून सायकलवर घरी येत होतो. मला पटलं.

अडचण एकच होती. परदेशातून आलेली जुनी गाडी आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेत नोंदवताच येत नाही. शेजारच्या एस्वातिनीत येते. म्हणून कागदपत्रं तिकडची, माझ्या मावसभावाच्या नावावर, आणि नंबरही तिकडचा. तिकडच्या माणसानं ती इकडे आणून फिरवली तर कोणी काही म्हणत नाही. इथे राहणाऱ्यानं मात्र ती इथे चालवायची नाही, आणि मी राहतो पोंगोल्यात. सरहद्द अर्ध्या तासावर, पण अलीकडच्या बाजूला. त्यामुळे दोन वर्षांत गाडी धावली ती कोंबड्यांच्या खुराड्यापासून आंब्यापर्यंत आणि परत. संध्याकाळी मी नुसता आत बसून हॉर्न वाजवत असे. मग बायको आणि नोम्पिलो येऊन एकेक हात धरून मला बाहेर ओढत.

नोम्पिलो माझी लेक. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ओढताना ती आधी माझी नाडी बघते.

तर गुडघ्यांनी हात टेकले आणि मी दुकानाच्या भिंतीवर चिठ्ठी लावली : 'पिवळी स्पोर्ट्स कार विकणे आहे. रस्त्यावर चालवता येत नाही. बाकी उत्तम.' खाली फोन नंबर. नाव दिलं नाही. एवढी अक्कल मला आहे.

दोन दिवसांनी फोन आला. समोरच्यानंही नाव सांगितलं नाही.

"पिवळी आहे का अजून?"

"तुम्ही पोलीस आहात का?" मी विचारलं.

"नाही."

"पोलीस असता तर काय सांगितलं असतं?"

"नाही असंच," तो म्हणाला. हा प्रामाणिकपणा मला संशयास्पद वाटला. तरी शनिवारी सकाळी ये म्हणालो. येईन किंवा कोणाला तरी पाठवीन, म्हणाला. पाठवीन? कोणाला? त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

खरं तर संशयाचं बी त्याआधीच पडलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी एक पत्र आलं होतं. लांब तपकिरी पाकीट, एस्वातिनीचं तिकीट, आणि वर टाइप केलेलं माझं नाव, वडिलांच्या नावासकट. सरकारशिवाय माझं पूर्ण नाव कोणी लिहीत नाही. गाडीचीच भानगड, दुसरं काय असणार? न उघडलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागत नाही, हे मी कचेरीत शिकलो आहे. मी पेन्सिलीनं पाकिटावर 'मिळाले नाही' असा शेरा मारला, खाली सही केली, तारीख घातली आणि ते गाडीच्या सीटखाली सारलं. (सही करायला नको होती. पण सव्वीस वर्षांची सवय.)

त्यानंतर घरात वेगळंच वारं वाहायला लागलं. मी आत गेलो की मायलेकी बोलायच्या थांबत. बायको, जिनं आयुष्यात कधी पोस्टाची चौकशी केली नव्हती, ती रोज विचारायला लागली.

"नोम्पिलोचे बाबा, पत्रबित्र काही आलं का?"

"कसलं पत्र?"

"कसलंही."

"कसलंही आलं नाही," मी म्हणायचो. मग नोम्पिलो ताटावरून उठायची. मक्याच्या पिठाचा पुतु आणि आंबट दूध तसंच टाकून. एकदा तर तिनं सरळच विचारलं, "बाबा, सरहद्दीपलीकडून काही आलं नाही ना?" तिचे डोळे लाल होते. माझ्या हातातला घास हातातच राहिला. हिला पलीकडचं कसं ठाऊक? माझ्याच घरातून कोणीतरी गाडीची बातमी फोडली आहे, अशी माझी खात्री झाली. स्वतःच्या लेकीकडे मी चोरून बघायला लागलो, हे आज सांगताना लाज वाटते.

शनिवार उजाडला. शनिवारी आमच्या गावात कोणाची ना कोणाची मयत असतेच. मायलेकी पहाटेच शेजारच्या वाडीवर मदतीला गेल्या. मी चहा घेऊन खिडकीशी आलो आणि कप तसाच खाली ठेवला.

फाटकाबाहेर तीन माणसं उभी होती. कोट घातलेली. डोक्याला हॅट, हातात काठ्या. पलीकडे त्यांची मोटार, एस्वातिनीच्या नंबराची. आणि त्यातला सगळ्यात म्हातारा, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस खणखणीत आवाजात माझ्या वाडवडिलांची नावं घेत होता. वडिलांचं. आजोबांचं. पणजोबांचं. खापरपणजोबांचं नाव तर मलाही नीट ठाऊक नव्हतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता आमच्याकडचं कोणीही म्हणेल, की अरे बाबा, वाडवडिलांची नावं घेत फाटकाशी उभी राहते ती मुलीला मागणी घालायला आलेली मंडळी. मलाही क्षणभर तसं वाटलं. पण मागणीची मंडळी आधी पत्र पाठवतात. पत्राशिवाय कोणी येत नाही. आणि पत्र तर आलं नव्हतं. मग गाडीच्या गिऱ्हाइकाला माझे खापरपणजोबा कशाला हवेत? इतकी माहिती एकाच ठिकाणी असते, पोलिसांच्या फायलीत.

मी पडदा ओढला आणि जमिनीवर बसलो. थकतील, जातील.

सात वाजले. उभे होते. आठ वाजले. उन्हं तापली, तरी उभेच. आता गिऱ्हाईक असतं तर शिव्या देऊन केव्हाच गेलं असतं. चोर असता तर मागून आला असता. दोन तास उन्हात, न चिडता, न बसता, काठीवर हात ठेवून कोण उभं राहतं? पगार मिळणारा माणूस. ते जितके शांत, तितका मला घाम. मधूनमधून म्हातारा पुन्हा माझ्या खापरपणजोबांचं नाव घेई. (मागणीच्या मंडळींना मुद्दाम ताटकळत ठेवायचं असतं आणि त्यांनी ते हसतमुखानं सोसायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आठवलं नाही, इतकंच.)

नऊ वाजता मी निर्णय घेतला. गाडी घेऊन मागच्या बाजूनं, उसातल्या वाटेनं, थेट सरहद्द गाठायची. पन्नाशीत माणसानं एकदा तरी वेगात जावं.

मी रांगत खुराड्यापर्यंत गेलो, पाय घातले, देवाचं नाव घेतलं, शरीर सोडलं. इंजिन असं गरजलं की कोंबड्या आंब्यावर चढल्या. मागचं कुंपण मी उघडलं नाही, ते गाडीनंच उघडलं. मग ऊस. दोन्ही बाजूंना सपासप पानं. आयुष्यातलं ते सगळ्यात सुंदर अर्धं मिनिट होतं. त्यानंतर पाट आला.

ट्रॅक्टर तो पाट रोज ओलांडतात. पण ट्रॅक्टरच्या पोटाखालून बकरी जाते, माझ्या गाडीच्या पोटाखालून पाकीटही गेलं नसतं. गाडी बांधावर पोट टेकून बसली, तोंड पाण्यावर, शेपूट हवेत. दार उघडलं, पण मला ओढायला दोन माणसं नव्हती.

थोड्या वेळानं तीन आली.

म्हाताऱ्यानं वाकून आत पाहिलं. मागच्या दोघांनी हॅट काढल्या. आणि त्या गप्प तोंडांपुढे माझा धीर सुटला.

"साहेब, सगळं सांगतो," मी म्हणालो. "गाडी माझीच. मावसभावाचं नुसतं नाव. दोनदा रस्त्यावर नेली, दोन्ही वेळा अंधारात, चर्चपर्यंत. गेल्या साली आजारपणाची रजा काढून फुटबॉलची मॅच बघितली, तेही मीच." यातलं शेवटचं त्यांना नको होतं, पण एकदा तोंड उघडलं की माझं थांबत नाही. "बायकोला यातलं काही ठाऊक नाही. पोरगी बिचारी निष्पाप आहे. तिच्या नोकरीवर येऊ देऊ नका. गाडी न्या हवी तर. मोठ्या किमतीची आहे साहेब, बारा गायींच्या तोलाची आहे, शपथेवर सांगतो."

म्हातारा दाराशी उकिडवा बसला.

"आमचं पत्र मिळालं नाही का?" त्यानं हळूच विचारलं.

"कसलं पत्र?"

उत्तर द्यायची त्याला गरज पडली नाही. गाडीचं तोंड खाली असल्यामुळे सीटखालचं पाकीट घसरून माझ्या पायाशी आलं होतं. त्यानं काठीच्या टोकानं ते ओढून घेतलं, चष्मा लावला आणि माझा शेरा वाचला. मग सही वाचली. मग तारीख.

"मी एलफास सिमेलाने," तो म्हणाला. "मेन्झीचा आजा. आम्ही त्याच्यासाठी तुमच्या नोम्पिलोला मागणी घालायला आलोय."

मग त्या तिघांनी कोट काढून बांधावर ठेवले, गुडघाभर चिखलात उतरले आणि आधी मला, मग गाडीला बाहेर काढलं. नेमक्या तेव्हा मायलेकी मयतीवरून परत आल्या. नोम्पिलोनं चिखलातलं आपलं सासर पाहिलं, शाल डोक्यावर घेतली आणि तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. बायकोनं पाकीट हातात घेतलं.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे पोरगी रडतेय, की त्यांच्या घरच्यांनी नाही म्हटलं म्हणून. आणि हे सीटखाली?"

गाडी गेली, पोलीस आले, नोकरी गेली तरी चाललं असतं. पण ते लोक तसेच चिखलाच्या पायांनी परत गेले असते, तर माझ्या लेकीपुढे मी पुन्हा तोंड काय दाखवलं असतं?

गेले नाहीत. माझा थोरला भाऊ फनुएलदादा धावत आला, त्यानं त्यांचे पाय धुवायला पाणी दिलं आणि हात जोडून विचारलं, काय दंड द्यायचा तो सांगा. मुलीकडच्यांनी दंड भरल्याचं आमच्या घराण्यात कोणी ऐकलं नव्हतं. एलफास आजोबांनी मिशांवरून हात फिरवला. "ही पिवळी द्या. आमच्याकडे चालते ती."

मी मान खाली घालून हो म्हणालो. चेहरा पडलेलाच ठेवला. आतून मात्र मला हलकं हलकं वाटत होतं. लेकीचं जमलं आणि ब्याद परस्पर सरहद्दीपार. त्या रात्री बायकोसुद्धा एकदा हसली.

दोन महिन्यांनी लोबोलाची, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गायी द्यायची, बैठक ठरली. मुलीच्या बापानं बैठकीत बसायचं नसतं. मी झोपायच्या खोलीत, दार बंद. बाहेर फनुएलदादा आणि काका मंडळी, समोर सिमेलाने. अकरा गायी ठरल्या होत्या, त्यातली एक आईच्या मानाची. खिडकीतून मला लॉरी दिसत होती. गायी उतरल्या. मी मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या. नऊच.

मग रस्त्याच्या वळणावरून एक आवाज आला आणि कोंबड्या आंब्यावर चढल्या.

"राहिलेल्या दोन गायींच्या जागी ही घ्या," एलफास आजोबांचा आवाज भिंतीतून स्पष्ट आला. "नोम्पिलोचे वडील म्येनी स्वतः शपथेवर म्हणालेत, बारा गायींच्या तोलाची आहे. आम्ही दोनच मोजतो. वरच्या दहा आमच्याकडून भेट समजा."

मी दाराच्या कडीला हात घातला. बाहेरून नोम्पिलोनं दार धरून ठेवलं होतं.

"बाबा," ती फटीतून कुजबुजली, "एकदाच गप्प बसा. माझ्यासाठी."

मी कडी सोडली. बाहेर फनुएलदादा म्हणाला, "भावाच्या शब्दाला मान आहे." आणि बायका गायला लागल्या.

लोबोलाची जनावरं गोठ्यात उभी करून पितरांना त्यांची ओळख करून द्यायची असते. फनुएलदादानं नऊ गायींचा रंग आणि शिंगं सांगितली. गाडीपाशी तो जरा अडखळला, मग वाकून त्यानं तिचा नंबर वाचला. खापरपणजोबांना काय वाटलं असेल देव जाणे.

आठवडाभरानं मी विषय काढला, की एखादं चांगलं गिऱ्हाईक बघतो. बायको भांडी घासत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"लेकीच्या लोबोलाचं आहे ते. विकायचं नाही. सिमेलानेंना काय वाटेल?"

तेव्हा गाडी गोठ्यातच आहे. विकता येत नाही, चालवता येत नाही. बोनेट उन्हानं गरम राहतं म्हणून बकऱ्या तिथे निजतात. मी संध्याकाळी आत बसतो, पण आता ओढायला बायको एकटीच आहे, त्यामुळे कधीकधी तिचं काम संपेपर्यंत तिथेच थांबावं लागतं.

काल असाच आत अडकलो होतो, तर फोन वाजला. आवाज ओळखीचा होता. चिठ्ठी काढायची मी विसरलो होतो.

"पिवळी आहे का अजून? त्या शनिवारी यायला जमलं नाही."

"आहे," मी म्हणालो. "पण विकायची नाही. ती आता गाय आहे. म्हणजे दोन गायी."

मग त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही पोलीस आहात ना?" आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवून दिला.