रिकामं पाकीट

करंजपेठ तालुक्यात माणसाच्या आवाजातला चढउतार दर तीन वर्षांनी कचेरीत जमा करून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. यंदा खाटा-बाजा विणणाऱ्या गेणू भापकरांना त्यांचा परत मिळाला नाही. पाकीट मिळालं, पण ते रिकामं होतं.

हे त्यांना घरी आल्यावर कळलं. त्यांची बायको हौसाबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. झटका आला तेव्हापासून शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हते. मीठ म्हटलं काय नि पाणी म्हटलं काय, तिला सारखंच. पण ‘घे गं एवढा घास’ म्हणताना गेणूबा ‘गं’वर आवाज जरा खाली आणून लांबवायचे, आणि ती तोंड उघडायची. दोन वर्षं ती त्या उतारावरच जेवत होती.

त्या दुपारी त्यांनी भात कालवला, घास पुढे केला आणि म्हणाले, "घे गं एवढा घास." फरशीपुढे फरशी बसवावी तसे शब्द बाहेर पडले. हौसाबाईंनी परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

तीन दिवस ती पेजेच्या पाण्यावर राहिली. चौथ्या दिवशी गेणूबा कचेरीत गेले. जन्मात त्यांनी कुणाशी भांडण केलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

"माझा चढउतार कुठं आहे."

टेबलाशी बसलेल्या कोठावळेबाईंनी पेन थांबवलं. "विचारताय की सांगताय, आजोबा?"

"विचारतोय."

"मग शेवटी आवाज वर न्या की. नाहीतर मला माहितीच्या वहीत लिहावं लागेल."

"वर न्यायला तोच नाही. तुम्ही रिकामं पाकीट दिलं. माझी बायको उपाशी आहे. तुम्हाला लाज वाटत नाही."

बाईंनी लिहून घेतलं : कर्मचाऱ्यांस लाज वाटत नाही, असे अर्जदाराने कळवले. खाली तारीख घातली.

गेणूबांनी टेबलावर मूठ आपटली. टाचण्यांची डबी सांडली. बाई एकेक टाचणी वेचत म्हणाल्या, "टेबल वाजवणं चढउतारात धरत नाहीत."

बाई तशा वाईट नव्हत्या. झालं ते त्यांनी सरळ सांगितलं. शिक्क्यांची शाई ओली होती म्हणून पंखा लावला, तर पाकिटं उडाली. बसस्टँडचे कंट्रोलर बागवान यांचा चढउतार रोज ओरडून ओरडून घासला होता, म्हणून तो बाद ठरला. बाद माणसाला रिकामं पाकीट देतात. ते गेणूबांना गेलं आणि गेणूबांचं बागवानांना.

"मग त्यांच्याकडून परत घ्या."

"तक्रार आल्याशिवाय कसं घेणार? आणि तक्रार तक्रारीच्याच आवाजात लागते. मागं एकजण इतक्या गोड आवाजात तक्रार करून गेला, की साहेबांनी शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला."

गेणूबा तिथून तडक बसस्टँडवर गेले. ते फाटकात शिरले तोच कर्णा बोलू लागला, "एक वाजताची सोनारवाडी गाडी फलाट दोनवर लागलेली आहे."

आवाज बागवानांचा होता, पण त्यातला चढउतार गेणूबांचा. ‘गाडी’वर जरा खाली येऊन लांबला, थेट तसाच. एरवी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं शहाण्यासारखी रांगेत उभी होती. एक कंडक्टर डोळे पुसत होता. आपल्या ताटावर बसून कुणी दुसराच जेवतोय असं गेणूबांना वाटलं. अंगाचा नुसता जाळ झाला.

बागवानांनी त्यांना खुर्ची दिली. "चाचा, मला तरी कुठं हवाय तो? चार दिवस झाले, मला कुणावर रागावता येत नाही. काल ड्रायव्हर अर्धा तास उशिरा आला. मी त्याला नाही नाही ते बोललो. तर म्हणतो, साहेब, तुम्ही पण जेवून घ्या."

"मग द्या माझा मला."

"सही करून घेतलंय. कचेरीनं मागितलं तर आत्ता काढून देतो."

दुसऱ्या दिवशी गेणूबांनी केळीवाल्याची हातगाडी मागून आणली, हौसाबाईंना बाजेसकट तिच्यावर ठेवलं आणि गाडी ढकलत कचेरीत नेली. तिचा चढउतार यंदा जमा झालाच नव्हता. अंथरुणावरच्या माणसांना त्यात माफी आहे.

कोठावळेबाईंनी माहितीची वही उघडली.

"माझी वस्तू तुम्ही दुसऱ्याला दिली," गेणूबा म्हणाले. "वर मलाच नियम सांगता. ही चार दिवस जेवली नाही."

शब्द फरशीसारखेच पडत होते. हौसाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. गेणूबांची हनुवटी थरथरत होती, ती हौसाबाईंनी बघितली. मग त्यांनी श्वास घेतला.

"अंऽऽऽ!"

तो आवाज पोटातून निघाला, छताला जाऊन भिडला आणि तिथून बाईंच्या टेबलावर उतरला. शिपायाच्या हातातला चहा सांडला. आतून हेडक्लार्क बाहेर आले आणि आपोआप हात बांधून उभे राहिले. कोठावळेबाईंनी माहितीची वही मिटून तक्रारीची काढली.

"शब्द यांचे आणि आवाज त्यांचा. चालतं का, साहेब?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन्ही एकाच गळ्यातून पाहिजे असं कुठं लिहिलंय?" हेडक्लार्क हौसाबाईंवरची नजर न काढता म्हणाले. "लिहा, बाई. लवकर लिहा."

निकाल तिथल्या तिथे लागला. चूक कचेरीची. मात्र शिक्का बसलेली वस्तू मुदतीआधी हलवता येत नाही, म्हणून ती तीन वर्षांनी परत मिळेल. तोवर अर्जदाराच्या पत्नीने वस्तूचा लाभ आहे त्या जागी घ्यावा.

तेव्हापासून गेणूबा रोज पावणेएकला हातगाडी फलाट दोनवर लावतात आणि भात कालवून बसतात. बागवान कर्ण्यातून सोनारवाडी गाडी लागल्याचं सांगतात, आणि ‘गाडी’ म्हणताच हौसाबाई तोंड उघडतात. बघतात मात्र गेणूबांकडेच. एका सांगण्यात एक घास होतो. ताट संपेपर्यंत बागवान पंधरा-सोळा वेळा सांगतात. तोवर गाडी उभी असते, उतारूही काही म्हणत नाहीत.

एकदाच गाडी वेळेवर आली नाही. आली नाही तर ‘लागली’ असं कसं सांगणार? सव्वा वाजला. भात निवला.

"गाडी कुठं आहे," गेणूबा म्हणाले.

"हे विचारताय की..." बागवान म्हणू लागले, तेवढ्यात हौसाबाईंनी श्वास घेतला.

त्यानंतर एकची सोनारवाडी गाडी साडेबारालाच येऊन उभी राहते.