गोफासह रिव्हॉल्वर जमा करणे

युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. सरकारी नोंदीप्रमाणे मात्र मिसेस हेपल यांच्या घरात ते अजून चालू होतं. त्यांचे दिवंगत यजमान फौजेत लेफ्टनंट होते. त्यांचं रिव्हॉल्वर बाईंच्या शिवणाच्या पेटीत राहून गेलं होतं. शनिवारी बाई बोटीने ऑस्ट्रेलियाला लेकीकडे निघणार होत्या. नातू झाला होता. पण शस्त्र जमा केल्याच्या दाखल्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवायची सोय नव्हती. म्हणून सोमवारी त्या आमच्या लष्करी शस्त्रडेपोच्या खिडकीशी आल्या. खिडकीमागे मी होते, आणि माझ्यामागे कॅप्टन डब्स.

“रिव्हॉल्वर ठीक आहे,” कॅप्टन म्हणाले. “गोफ कुठाय?”

“कसला गोफ?”

“गळ्यात अडकवायचा. रिव्हॉल्वर पडू नये म्हणून. गोफ नसेल तर हे रिव्हॉल्वर नाहीच.”

“नाहीच ना? मग दाखला द्या, मी निघते!”

“असं कसं बाई? नोंदीत तुमच्या घरी ते रिव्हॉल्वरच आहे.”

त्याच वेळी मागच्या आवारात आम्ही पिंपंच्या पिंपं भरून रिव्हॉल्वर वजनावर विकत होतो. गोफ आधीच वेगळे काढून बाजारात गेले होते. गावातल्या निम्म्या पडद्यांना तेच बांधलेले असत. मंगळवारी बाईंनी शेजारणीच्या खिडकीचा एक सोडवून आणला.

“हा विकलेला माल,” कॅप्टन म्हणाले. “विकलेला माल फुकट परत घेणं म्हणजे लाच. नवा गोफ लागेल. तो फक्त सेवेतल्या अधिकाऱ्याला मिळतो.”

“मग करा मला अधिकारी!” बाई कडाडल्या.

कॅप्टन डब्स यांना विनोद कळत नसे. त्यांनी फॉर्म काढला.

बुधवारी भरतीसाठी बाईंचे दात तपासले. गुरुवारी शपथ झाली. डेपोत रिकामी जागा एकच होती: शस्त्रजमा अधिकारी, हुद्दा मेजर. कॅप्टननी सलाम ठोकला आणि नवा गोफ दिला. गोफाबरोबर, नियमाप्रमाणे, नवं रिव्हॉल्वरही दिलं.

शुक्रवारी सकाळी मी कुजबुजले, “मेजरबाई, गोफ जुन्याला बांधा, दाखल्यावर स्वतःच सही करा आणि सुटा. बोट उद्या आहे.”

बाई खुर्चीत बसल्या. चष्मा लावला. स्वतःचाच अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

“हा गोफ नव्या रिव्हॉल्वरचा आहे,” त्या म्हणाल्या. “जुन्याला कसा चालेल?”

“अहो, दोन्ही तुमचीच!”

“म्हणूनच. स्वतःचंच काम नियम मोडून केलं तर लोक काय म्हणतील? अर्ज नामंजूर. अर्जदाराने सोमवारी यावं.”

“सोमवारी बोट कुठली?”

“ते अर्जदाराने बघायचं.”

त्यांनी शिक्का मारला. मग उठून खिडकीबाहेर गेल्या, अर्जदार म्हणून कपाळावर हात मारला, मला आणि मेजरला मनसोक्त शिव्या दिल्या, नातवाचं नाव घेऊन रडल्या. माझेही डोळे भरून आले. मी त्यांना चहा नेऊन दिला. तो संपवून त्या आत आल्या, आणि खिडकीशी आरडाओरडा केल्याबद्दल अर्जदाराला लेखी समज दिली.

शनिवारी बोट वेळेवर सुटली.

हसताय? हसा की. फक्त काल तुमच्या खिडकीशी जो कोणी आला होता, त्याला तुम्ही कोणत्या वारी यायला सांगितलंत, तेवढं आठवून हसा.